तपासणीतली हिंसा

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा विचार सुरू होतो, तेव्हा ज्ञानेश्वर आधी दोन प्रतिष्ठित शास्त्रांची उलटतपासणी घेतात. पहिले कर्मकांडाचे. अवर्षणाने लोक गांजले म्हणून पर्जन्येष्टी करायची आणि तिच्या मुळाशी पशूचा बळी ठेवायचा, यात अहिंसा कुठे उगवणार, असा त्यांचा सवाल आहे. दुसरे शास्त्र आयुर्वेद. रोग्याची तळमळ पाहून वैद्याच्या मनात कणव दाटते, आणि त्या कणवेपोटी तो एका झाडाची मुळे खणतो, दुसऱ्याची साल सोलतो, कुणा प्राण्याचे पित्त काढतो. राहती घरे मोडून देवळे बांधावीत, तशी ही दया, असे ते सुनावतात. शके १२१२ मधला हा आक्षेप आपण सहसा काव्य म्हणून वाचून पुढे जातो. भल्या हेतूने केलेली हिंसा हेतूच्या भलेपणाने धुऊन निघत नाही, हे त्याचे म्हणणे आहे, आणि सातशे वर्षांत त्याला नीट उत्तर मिळालेले नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगावर आज जी नवनवी कृत्रिम संयुगे तपासली जातात, त्यांच्या संदर्भात हा आक्षेप पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे.

वरवर पाहता असे वाटेल की, निदान इथे तरी ज्ञानेश्वरांची तक्रार निकालात निघाली. काचेच्या चंबूत घडवलेल्या रेणूसाठी कुणाचे मूळ खणावे लागत नाही. हैदराबादच्या तारनाका भागातल्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, किंवा शहरातल्या एखाद्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, रसायनतज्ज्ञ एका वलयाला इथे फ्लोरिन, तिथे नायट्रोजन जोडून संयुगांची माळ तयार करतो. त्यात कुणाचा जीव जात नाही. पण औषध करण्यातून बाहेर पडलेली हिंसा औषध तपासण्यात शिरली आहे. नव्या रेणूला परंपरा नसते. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तो खाल्ला, पचवला, त्याने कुणाला ओकारी झाली, असे काहीच मागे नसते. त्याच्याविषयी जे कळायचे ते सारे कुणाच्या तरी देहावरच कळणार. आधी पेशी, मग उंदीर, मग माणसे. पेशींच्या पायरीवर दुःख नाही, हे मान्य. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या एलएनकॅप, पीसी-३ आणि डीयू-१४५ या पेशीमाला १९७० च्या दशकात तीन रुग्णांच्या पसरलेल्या गाठींतून घेतल्या गेल्या: एकाच्या लसिकाग्रंथीतून, दुसऱ्याच्या हाडातून, तिसऱ्याच्या मेंदूतून. त्या पेशींवर संयुग घालायचे आणि पिवळे रंजक जांभळे होते का ते बघायचे. जिवंत पेशी रंग बदलवते, मेलेली बदलवत नाही. एवढ्यावर भागले असते तर या लेखाला विषयच उरला नसता. पण पुढच्या पायरीवर प्रतिकारशक्ती हिरावलेल्या, केस नसलेल्या उंदराच्या कातडीखाली मानवी गाठ वाढवली जाते, आणि त्यापुढच्या पायरीवर हाडे दुखणारा साठी-सत्तरीचा माणूस उभा असतो.

या हिंसेला आधार कोणता? नेहमीचे उत्तर असे: यातून ज्ञान मिळते आणि ज्ञानातून पुढचे रुग्ण वाचतात. उत्तर चुकीचे नाही, पण ते एक गोष्ट गृहीत धरते, आणि तीच तपासायला हवी. प्रयोग झाला म्हणजे ज्ञान झाले, असे ते धरून चालते. हे धरून चालणे किती महागात पडते याचा पुरावा शोधायला हैदराबादेबाहेर जावे लागत नाही. तो कोठीत आहे.

कोठी म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश वकिलाची रेसिडेन्सी आणि तिच्याभोवती वाढलेली वस्ती. सुलतान बाजार, जांबाग, विवेकवर्धिनी शाळा यांमुळे हा भाग हैदराबादच्या मराठी माणसाच्या चांगला परिचयाचा. मराठवाडा निजामाकडे होता तोवर तर औरंगाबाद-नांदेडकडच्या लोकांची ही राजधानीच. आजचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयही कोठीतच आहे. १८४६ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या वैद्यकशाळेचे ते वारस. १८८० च्या दशकात एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे सर्जन आणि या वैद्यकशाळेचे प्रमुख होते. कर्तबगार गृहस्थ. स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देण्याचा त्यांचा आग्रह होता. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत जिची गणना होते ती रूपाबाई फर्दूनजी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. लॉरी एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाचा श्वास सांभाळावा, नाडीकडे पाहण्याची गरज नाही, ही गुरूची शिकवण. ग्लासगोतल्या एका वैद्यकीय समितीने १८८० मध्ये उलटे सांगितले होते: क्लोरोफॉर्म थेट हृदयावरही घाव घालते. हजारो रुग्णांना निर्वेधपणे भूल दिल्याचा दावा करणाऱ्या लॉरींना हे पटणे शक्यच नव्हते.

म्हणून १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. शंभराहून अधिक गावठी कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारले, प्रत्येकाचा श्वास आधी थांबला, हृदय नंतर. लॉरींचे म्हणणे सिद्ध झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका काढली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचा माणूस पाठवा. टॉमस लॉडर ब्रंटन हे त्या काळचे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ च्या शरदात हैदराबादला आले, आणि लॉरींच्या अध्यक्षतेखाली दुसरे कमिशन कामाला लागले. येताना ब्रंटन विरुद्ध मताचे होते. काही आठवड्यांत त्यांचे मत फिरले. त्यांनी लंडनला केलेल्या तारेत आकडा आहे: ४९० प्राणी. कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे. त्यांतल्या १२० जणांचा रक्तदाब यंत्राने मोजला होता. निष्कर्ष ठाम होता. धोका गुदमरण्याचा किंवा जादा मात्रेचा. हृदयाला थेट धोका मुळीच नाही. निजामाचा पैसा, लंडनचा पंडित, शेकडो प्राणी आणि छायाचित्रित आलेख, एवढे भक्कम पाठबळ मिळाल्यावर कोण शंका घेणार?

निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या, अर्धवट गुंगीत क्लोरोफॉर्मखालचे हृदय एकाएकी थरथरू लागते आणि थांबते, आणि भीतीच्या क्षणी रक्तात उसळणारे अॅड्रेनलिन त्याला निमित्त होते. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी १८४८ मधला: इंग्लंडमधली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी, पायाचे नख काढायला आणलेली आणि घाबरलेली. लेव्हींनी केलेल्या वर्णनात ती बसते. हैदराबादच्या ४९० प्राण्यांत तिच्यासारखे कुणी नव्हते. तिथल्या प्राण्यांना मरेपर्यंत खोल भूल दिली गेली, आणि खोल भुलीत मरणाऱ्याचा श्वासच आधी जातो. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर ही उपाधीची, म्हणजे न सांगितलेल्या अटीची, चूक. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणणारा विसरतो की धूर ओल्या सरपणाचा आहे. लाल तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. कमिशनची व्याप्ती, म्हणजे सर्वत्र लागू धरलेला नियम, भुलीच्या खोलीवर टेकलेली होती, आणि ती अट कुणी मोकळी करून पाहिली नाही. आणखी पाचशे कुत्री मारली असती तरी उत्तर तेच आले असते, कारण प्रश्नच असा घातला होता की दुसरे उत्तर येण्याची वाटच नव्हती.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. त्या प्राण्यांवर अन्याय झाला तो ते मेले म्हणून, हे तर आहेच; पण त्यांच्या मरणातून जे मागितले ते ज्ञान नव्हते, पुष्टी होती. ज्ञानेश्वरांचा आक्षेप आपण पूर्णपणे फेटाळू शकत नाही, आणि फेटाळण्याचा प्रयत्नही करू नये. प्रयोगातली हिंसा ही हिंसाच राहते. ती पुण्याच्या बाजूला जमा करता येत नाही. ऋण म्हणूनच ती लिहावी लागते. प्रश्न एवढाच उरतो की हे ऋण फिटण्याची काही शक्यता तरी प्रयोगकर्त्याने ठेवली आहे का, आणि ती शक्यता एकाच गोष्टीत असते: प्रयोगाची मांडणी अशी हवी की ज्याच्यावर तो चालला आहे त्या जिवाला ‘तू चुकलास’ असे म्हणण्याची सोय राहील. ज्या तपासणीत ही सोय नाही ती तपासणी म्हणजे नुसता बळी, मग तिच्यात कितीही यंत्रे असोत. पर्जन्येष्टीत आणि तिच्यात फरक उरत नाही. यज्ञानंतर पाऊस आला तर यज्ञ फळला, आणि नाही आला तर विधीत उणीव राहिली. यज्ञ खोटा ठरण्याची जागाच तिथे नसते.

यावर कुणी म्हणेल, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. विज्ञानाने ती स्वतःच दुरुस्त केली. खरे आहे, आणि एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे: दुरुस्ती करणाऱ्या लेव्हींचे प्रयोगही मांजरांवरच होते. म्हणजे कोठीच्या उदाहरणातून ‘प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा’ एवढा सरळ धडा निघत नाही. काही मांजरांनी जे सांगितले ते ४९० प्राण्यांनी सांगितले नाही, कारण त्यांना तसे विचारलेच नव्हते. आणि चूक जुनी झाली असे म्हणावे, तर प्रोस्टेटच्या कर्करोगाचाच इतिहास पाहावा. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते तोडले की गाठ आकसते. या शोधामागेही कुत्र्यांच्या प्रोस्टेटवरचे कित्येक वर्षांचे काम होते. १९६६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. संप्रेरक दाबायला एक कृत्रिम संयुगही हाताशी होते: १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल. स्वस्त, तोंडाने घेण्याजोगे. गोळी घेतली की दुखणे कमी होई, गाठ बसे. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत रुग्ण सुधारत. दोन दशके ते दिले गेले. मग अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी चिठ्ठी टाकून रुग्णांचे गट पाडले, एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी, आणि १९६७ मध्ये निकाल मांडला. रोज पाच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू कमी होते. हृदयविकाराचे आणि रक्ताच्या गुठळ्यांचे मृत्यू इतके वाढले होते की एकूण हिशेबात नफा उरला नाही. ज्या अवयवाकडे वैद्य पाहत होता तो बरा होत होता. माणूस दुसरीकडून जात होता.

या उदाहरणाचा रोख मला सर्वांत कठीण वाटणाऱ्या आक्षेपाकडे आहे, आणि तो ज्ञानेश्वरांचा नाही. तो अगदी सामान्य दयेचा आहे. मरणाच्या दारातल्या माणसाला नव्या औषधाऐवजी साखरेची गोळी द्यायची, तीही चिठ्ठी टाकून, हे कुठल्या धर्मात बसते? आशेला जागा असेल तर ती सर्वांनाच द्या. हा आक्षेप करणारा माणूस चांगला असतो, म्हणून त्याला उत्तर देणे जड जाते. पण तो एक गोष्ट गुपचूप गृहीत धरतो: औषध औषध आहे हे आधीच ठरले आहे. ते ठरलेले असते तर तपासणी हवीच कशाला? खरोखर माहीत नसते, तेव्हा दोन्ही गटांतली माणसे सारख्याच अंधारात असतात. माणसांपर्यंत पोहोचलेल्या दहांतली साधारण नऊ संयुगे पुढे बाद होतात, म्हणजे बिनऔषधाच्या गटात जाणे हे बऱ्याचदा दुर्दैव नसतेच. उलट एकदा खरोखर कळले की थांबायला हवे, आणि तसे थांबल्याची उदाहरणे आहेत. एन्झाल्युटामाइड या गोळीची केमोथेरपी घेऊन झालेल्या ११९९ रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणारे मध्यकाने १८.४ महिने जगले, न घेणारे १३.६ महिने. फरक उघड होताच चाचणी आवरती घेऊन दुसऱ्या गटालाही औषध देऊ केले गेले. पाच महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असे कुणी म्हणेल. ज्याचे ते पाच महिने आहेत त्याने म्हणावे. इतरांनी हा हिशेब करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला अहिंसेचा निरपवाद पुरस्कर्ता उभा असतो. त्याचे म्हणणे की उंदराची संमती कुणी घेतली? उत्तर नाही, आणि नसतानाही असल्याचा आव आणणे हीच खरी लबाडी. पण त्यालाही एक प्रश्न विचारता येतो. नवे संयुग उंदराला द्यायचे नाही, तर थेट माणसाला द्यायचे का? की कुणालाच न देता जुनीच औषधे धरून बसायचे, जी कधीतरी कुणावर तरी तपासूनच आली? निरपवाद अहिंसा सुसंगत राहायची असेल तर औषध घेणेच सोडावे लागते, आणि जैन मुनींमध्ये असे निष्ठेने वागणारे आहेत. त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद थांबतो. बाकी आपण सगळे, गोळी घेणारे, त्या ऋणाचे वाटेकरी आहोत. उंदीर माणसाविषयी फारसे सांगत नाही, हा आक्षेप मात्र वेगळा आणि अधिक वजनदार आहे. २००६ मध्ये लंडनला टीजीएन-१४१२ हे औषध माकडांनी कितीतरी पट मात्रेत पचवले आणि सहा निरोगी तरुणांना मरणाच्या दारात नेऊन ठेवले. भारताने २०२३ मध्ये नियम दुरुस्त करून मानवी पेशींपासून केलेल्या अवयवसदृश रचनांना आणि संगणकी चाचण्यांना प्राणिप्रयोगांच्या शेजारी जागा दिली, ते याच शंकेपोटी. स्वागतच आहे. पण साधन बदलले की प्रश्न आपोआप प्रामाणिक होत नाही, आणि इथे मला पहिल्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या पायरीकडे पुन्हा वळावे लागते.

पीसी-३ आणि डीयू-१४५ या पेशींत पुरुषी संप्रेरकाला दाद देणारी यंत्रणा जवळपास नसतेच, तर बहुतेक रुग्णांचा कर्करोग सुरुवातीला नेमका त्याच संप्रेरकावर जगतो. म्हणजे या पेशी मारणारे संयुग त्या रुग्णांविषयी फारच थोडे सांगते. एलएनकॅपमध्ये ती यंत्रणा आहे, पण तिच्या जनुकात बिघाड आहे, आणि त्या बिघाडामुळे फ्लुटामाइडसारखे संप्रेरकविरोधी औषध तिथे संप्रेरकाचेच काम करते, रोखण्याऐवजी चेतवते. हा नुसता प्रयोगशाळेतला चमत्कार नव्हता. फ्लुटामाइड बंद केल्यावर काही रुग्णांची प्रकृती सुधारते, असे पुढे दवाखान्यांतही दिसून आले. एका पेशीमालेवर संयुग घालायचे, ते शेजारच्या निरोगी पेशींनाही तितकेच मारते का हे पाहायचे नाही, आणि ‘प्रोस्टेटच्या कर्करोगावर प्रभावी’ असा निबंध छापायचा: ही कोठीच्या कमिशनची छोटी, रक्तहीन आवृत्ती आहे. रक्तहीन म्हणून ती क्षम्य वाटते. पण अशाच निबंधाच्या जोरावर पुढे उंदीर मागवले जातात, आणि त्यातून क्वचित एखादे संयुग माणसापर्यंत येते. हिंसेची जबाबदारी तिथे, रंग बदलणाऱ्या रंजकापाशीच सुरू होते. आणि जे संयुग निकामी ठरले त्याची नोंद न छापणे हे तर दुहेरी पाप, कारण दुसरी प्रयोगशाळा तोच रेणू घडवून पुन्हा उंदीर मारणार. भारतात २००९ पासून मानवी चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची आहे, ती यासाठीच की नको असलेला निकाल दडवता येऊ नये. त्याआधीच्या पायऱ्यांना अशी सक्ती नाही.

माणसाच्या पायरीवर मात्र एक गोष्ट बदलते. उंदराकडून जे घेतले जाते ते घेतलेलेच असते. माणूस ते देऊ शकतो. दधीचीने आपली हाडे दिली तेव्हा त्यांचे वज्र होणार आहे हे त्याला ठाऊक होते, आणि मागणाऱ्यांनी ते लपवले नव्हते. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णाने ‘मला याचा फायदा होईल का’ असे विचारले तर खरे उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते, कारण त्या टप्प्यात मात्रा किती सोसवते एवढेच पाहायचे असते. हे उत्तर ऐकूनही हो म्हणणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या बाबतीत दान हा शब्द मला अतिशयोक्त वाटत नाही. उत्तर न देता घेतलेली सही मात्र दान नव्हे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा प्रकल्प राबवला गेला. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही; पण अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१९ च्या नियमांनुसार, परिस्थितीमुळे नाही म्हणणे ज्याला अवघड जाते अशा रुग्णावर नवे रासायनिक संयुग तपासायचे असेल, तर संमती घेतानाचे संभाषण चित्रित करून ठेवावे लागते. त्या चित्रफितीत सही शेवटी येते. आधी पाहायचे ते हे, की नांदेडहून आलेल्या म्हाताऱ्याने आपल्या भाषेत फायद्याचा तो प्रश्न विचारला का, आणि डॉक्टरने ‘बहुधा नाही’ असे त्याच्या तोंडावर सांगितले का.